बाबांचा हात आणि सुटलेली वायर

मंडळी, आज ग्लासगोला आमच्या घरी घडलेलं सांगते.

स्ट्रोकनंतर बाबांच्या उजव्या हाताच्या व्यायामासाठी मी लॅपटॉपला लावलेल्या एका मायक्रोकंट्रोलर बोर्डला, म्हणजे छोट्याशा सर्किटला, फिरवायचा नॉब जोडलाय. नॉब जितका फिरेल, तितका लॅपटॉपवरचा आकडा वाढतो.

आज आकडा एकदम तीनशेवर गेला. "बघ, वळला हात!" बाबा खूश.

पण नॉबची मधली वायर सुटली होती. तसं झालं की आकडा आपोआप भरकटतो. नॉब हललाच नव्हता.

मी सांगून टाकलं. त्यांनी नॉब माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "नीट जोड. परत करतो."

जोडली. आकडा बराच वेळ शून्यावरच होता. मग बारा झाला.

"हा खरा ना?"

"खरा, बाबा."

तुम्ही माझ्या जागी असतात, तर सांगितलं असतंत का?