पेशीबाई आणि परीक्षेतली आकृती

शाळेत त्यांना सगळे पेशीबाई म्हणत. विज्ञान शिकवायच्या, पण पेशीच्या धड्यावर आल्या की तासाची घंटा त्यांना ऐकूच यायची नाही. 'केंद्रक पेशीचा कारभार पाहतं' हे वाक्य पोरं तालासुरात घोकायची, आणि बाईंचं डोकं उठायचं. वर्गातल्या एकानेही पेशी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती.

सूक्ष्मदर्शक नव्हता असं नाही. तो मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात होता.

"सर, एक दिवस द्या."

"पोरं आहेत ती, बाई. काच फुटली तर उत्तर कोण देणार?"

"मी देईन."

"बघू पुढच्या आठवड्यात."

तो पुढचा आठवडा वर्षानुवर्षं उगवला नाही. शेवटी मुख्याध्यापक रजेवर गेले तेव्हा बाईंनी त्यांच्या जागी बसलेल्या सरांच्या मागे भुणभुण लावून किल्ली मिळवली. कपाट उघडलं तर भिंगांवर बुरशीचं जाळं. जपून ठेवायच्या नादात वस्तूची माती झाली होती. बाईंच्या दिरांचं चष्म्यांचं दुकान होतं. "वहिनी, हे माझं काम नव्हे," असं कुरकुरत त्यांनी दोन्ही भिंगं पुसली. जास्त मोठं करून दाखवणारं गढूळच राहिलं, कमी दाखवणारं मात्र स्वच्छ झालं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी कांद्याचा पातळ पापुद्रा काचपट्टीवर ठेवला, वर आयोडिनचा थेंब सोडला. पोरं रांगेने येऊन डोळा लावत होती. बहुतेकांना विटांची भिंत दिसली आणि त्यावरच ती खूश होती. शिंप्याची मुलगी मात्र हलेना.

"बाई, हा गडद ठिपका कडेला का सरकलाय? पुस्तकात तर मधोमध आहे."

"तेच केंद्रक. मधली जागा पाण्याच्या पिशवीने अडवलीय, तिला रिक्तिका म्हणतात. त्या पाण्याच्या दाबाने पेशी टणक राहते. मग केंद्रकाला भिंतीशी अंग चोरून बसावं लागतं."

"आणि तंतुकणिका?"

"पेशीला लागणारी ऊर्जा त्या तयार करतात. पण इतक्या बारीक, की आपल्या या यंत्रातून दिसायच्या नाहीत."

वार्षिक परीक्षेत प्रात्यक्षिकाला नेमका हाच कांदा आला. 'निरीक्षण करून आकृती काढा.' बाकीच्यांनी सूक्ष्मदर्शकात डोकावल्यासारखं केलं आणि पुस्तकातली आकृती उतरवली. शिंप्याच्या मुलीने जे दिसलं तेच काढलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिचे निम्मे गुण कापले.

बाई तडक त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"यात चूक काय आहे, सर?"

"तंतुकणिका कुठे आहेत?"

"दिसतच नाहीत त्या इथे."

"पण असतात ना?"

"असतात. पण निरीक्षण करायला सांगितलंय, सर. न दिसलेलं तिने का काढायचं?"

"बाई, मला नमुना उत्तराशी ताडून पाहायचं असतं. अजून दुसऱ्या शाळेत जायचंय मला." माणूस उद्धट नव्हता, दमलेला होता. त्यामुळे तर बाईंचा राग आणखीच कोंडला, भांडायचं कोणाशी?

मुख्याध्यापक ऐकून म्हणाले, "तरी मी म्हणत होतो, कपाटात काय वाईट होतं?"

मधल्या सुट्टीत ती मुलगी दारात आली. रडली नव्हती. "बाई, पुढच्या वेळी कुठली काढू?"

बाईंना खूप काही सांगायचं होतं. दहावी तोंडावर होती, पोर हुशार होती. "पुस्तकातली काढ," त्या म्हणाल्या. पोरीने मुकाट्याने मान हलवली. तिने थोडा तरी वाद घालायला हवा होता, असं बाईंना दिवसभर वाटत राहिलं. घरी त्यांनी भांडी नको तितकी आपटली.

आता त्या दरवर्षी हट्टाने कपाट उघडायला लावतात आणि प्रत्येकाला पेशी दाखवतात. मग वर्गाकडे पाठ करून फळ्यावर पुस्तकातली आकृती काढतात. "ही परीक्षेसाठी," एवढंच म्हणतात.