आवाज बंद, कॅमेरा चालू

कोल्हापूरचा माणूस आणि दर्यावर? ख्वाजा मोमीन बोटीवर लागला तेव्हा सगळ्या गल्लीनं हेच विचारलं. पंचगंगेत डुंबून मोठा झालेला गडी, समुद्रावर काय दिवे लावणार? खरं सांगायचं तर ख्वाजाला समुद्र दिसायचा तो जेवणाच्या सुट्टीत. एरवी तो जहाजाच्या पोटात, इंजिनरूममध्ये, यंत्रांचं तेलपाणी बघत असायचा. तिथला आवाज असा, की शेजारच्यानं बोंब ठोकली तरी नुसता त्याचा जबडा हललेला दिसावा.

ख्वाजाचं त्यानं काही अडलं नाही. बोटीवर जायच्या आधी दोनेक वर्षं त्यानं इचलकरंजीत कापडाचे माग चालवले होते. मागांच्या शेडमध्ये कुणी कुणाचं ऐकत नाही, सगळे ओठ बघतात. मालक शिव्या देतोय का चहा सांगतोय, हे शेडच्या त्या टोकावरून ओळखावं लागतं. ख्वाजा त्यात पटाईत झाला आणि जहाजावरही तेच त्याच्या कामी आलं.

कान गेले ते हळूहळू. लग्न झालं तेव्हा त्याची बायको अफसाना स्वयंपाकघरात पुटपुटली तरी हा बाहेरून "आलो" म्हणायचा. पुढं दर फेरीहून परतला की तिला आवाज चढवावा लागे. शेवटच्या जहाजावर कानांना लावायची टोपणं फाटकी निघाली. नवी मागितली तर साहेब म्हणाला, पुढच्या बंदरात बघू. बंदरं आली आणि गेली, टोपणं काही आली नाहीत. कळंब्याला घरी परतला तेव्हा ख्वाजाला कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येईना. अफसाना खांद्याला हात लावून बोलवायला लागली. असल्या माणसाला बोटीवर परत कोण घेणार?

त्यानं कंपनीकडं भरपाई मागितली. कंपनी म्हणाली, तुमचे कान इचलकरंजीच्या मागांनी गेले, आमच्या जहाजाचा काय संबंध? वा रे वा! दर खेपेला पाठवताना ह्यांच्याच डॉक्टरनं कान ठणठणीत म्हणून शिक्का मारलेला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

ख्वाजानं शाहूपुरीतल्या वकीलबाई गाठल्या, प्रियदर्शनी चौगुले. पहिल्याच भेटीत बाईंनी फायलीत मान घालून काहीतरी विचारलं, ख्वाजा ढिम्म. मान वर करून तेच विचारलं, तर लगेच उत्तर. बाई चमकल्या.

"ख्वाजाभाई, ओठ वाचता काय?"

"व्हय की."

"मग हे कुणापुढं दाखवू नका. भरतीच्या तपासणीत डॉक्टरचे ओठ वाचून पास झालात, कान आधीच गेले होते, असं म्हणतील. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

ख्वाजाला ते झोंबलं. "कान चांगलं हुतं वो माझं!"

"मला पटतंय. त्यांना पटवायचंय ना?"

तेव्हापासून ठरलं, की प्रश्न कागदावर लिहायचा आणि ख्वाजानं कागदच बघायचा.

ह्या निकालाकडं आणखी एकजण डोळे लावून बसला होता. बिद्रीचा पिराजी, त्याच इंजिनरूममधला जोडीदार. त्याच्याही कानात रात्रंदिवस भुंगा. मोटरसायकलवरून यायचा, समोर बसून सांगायचा, "तुझं काय हुतंय ते बघतो, मग मी अर्ज टाकतो." त्यानं जन्मात माग बघितला नव्हता.

तडजोडीची बैठक व्हिडिओवर झाली. इकडं बाई आणि ख्वाजा. पडद्यावर कंपनीचे अधिकारी अमरसिंह, आपल्याच भागातले, आणि शेजारी कंपनीचा डॉक्टर. अमरसिंहांनी सांगितलेलं बाईंनी कागदावर उतरवलं: माणुसकी म्हणून थोडे पैसे देऊ, पण बहिरेपण मागांमुळं आलं, कामामुळं नाही, असं लिहून सही करा.

ख्वाजाचं डोकं फिरलं. "खोट्यावर सही करणार न्हाय. कामामुळं गेलं, असं लिवा म्हणावं."

बाईंनी तेच अमरसिंहांपुढं मांडलं. "जरा विचार करून सांगतो," म्हणत अमरसिंहांनी आवाज बंद केला. बाई फाईल चाळायला लागल्या. ख्वाजानं कागद बघायचा, असं ठरलं होतं. पण माणूसच तो. नजर वर गेली.

अमरसिंह डॉक्टरला सांगत होते, "इंजिनानंच गेलेत, मला काय कळत न्हाय व्हय? पण तसं लिहून दिलं, की उद्या बिद्रीचा पिराजी दारात. मागावर ढकला आणि मोकळे व्हा."

ख्वाजाच्या कानशिलात आग पेटली. इतके महिने त्यालाच खोटं पाडलं, आणि ह्यांना सगळं पहिल्यापासून ठाऊक!

आवाज चालू झाला. बाईंनी लिहून दिलं: त्यांनी सहानुभूतीनं विचार केला, दोष मागांचाच आहे, हे त्यांचं ठाम मत. ख्वाजानं कागद वाचला, घडी घातली आणि बहिरा माणूस बोलतो तसा मोठ्यांदा बोलला.

"अमरसिंह सायेब, पिराजीला मीच घिऊन येतो. तुम्ही दारात वाट बघत बसू नगा."

अमरसिंहांचा चेहरा पडला. ते डॉक्टरकडं वळले आणि काहीतरी बोलायच्या आधी त्यांनी तोंडावर हात धरला.

बैठक तिथंच मोडली. बाई ख्वाजाकडं तोंड करून कडाडल्या, "नको म्हटलं होतं ना? आता म्हणतील, बघा, हा ओठ वाचतोय!"

"म्हणू देत की. मी काय वाचलं, ते आधी सांगावं लागंल त्यास्नी."

बाईंनी फाईल मिटवली. मग त्या हसायला लागल्या.

कंपनीनं ओठ वाचण्याचा विषय कधीच काढला नाही. पुढच्या महिन्यात तडजोडीचा कागद आला. ख्वाजाला वाचता येत होतं, तरी त्यानं तो अफसानाकडं दिला आणि तिच्यासमोर मांडी घालून बसला. त्याला तिच्या तोंडून हवं होतं. तिनं वाचायला सुरुवात केली. 'जहाजावरील कामामुळे' इथपर्यंत आली, तिला हुंदका फुटला आणि तिनं पदर तोंडाला लावला.

"त्वांड झाकू नगंस," ख्वाजा ओरडला. "म्होरं काय लिवलंय?"