दुबईच्या बर्फात तुटलेलं लिगामेंट

बाहेर चव्वेचाळीस अंश उकाडा असताना मी दुबईतल्या एका मॉलमध्ये स्कीइंगसाठी केलेल्या बर्फावर पडलो आणि गुडघ्याचं लिगामेंट तोडून घेतलं. वय बावन्न. बाबांनी आपल्याबरोबर स्कीइंग शिकावं, एवढंच मुलीनं वाढदिवसाला मागितलं होतं. बायको काचेपलीकडे कॉफी घेऊन बसली होती.

मोठ्या उतारावरून वेगात आपटलो असतो तर सांगायला तरी बरं वाटलं असतं. मी पडलो तो शिकाऊंच्या पट्ट्यावर, जवळजवळ थांबलेलो असताना. तोल मागे गेला, तो सावरायला मी अंग आवळलं, आणि स्कीबरोबर पाय एकीकडे वळला, अंग दुसरीकडे. गुडघ्यात सुपारी फुटल्यासारखा आवाज झाला. मुलगी एवढंच म्हणाली, "बाबा, डोन्ट मूव्ह." दोन मिनिटांनी मी उठून चालायलाही लागलो, म्हणून इथल्या अरबीत म्हणतात तसं वाटलं, खलास, संपलं, सुटलो. अजमानला घरी पोचेपर्यंत गुडघा टम्म सुजला.

एमआरआय बघून डॉक्टर म्हणाले की पुढचं लिगामेंट पूर्ण तुटलंय, बाकी सगळं शाबूत आहे. ऑपरेशनचं ठरवण्याआधी त्यांनी विचारलं, या गुडघ्याकडून काय काय करून घ्यायचंय? रास अल खैमाला माझं टाइल्सचं गोदाम आहे, तिथे दिवसभर जिने चढतो, असं मी सांगितलं. मग आधी काही महिने व्यायाम करून बघायचं ठरलं.

फिजिओथेरपिस्ट केरळची, हळू आवाजाची आणि अजिबात न द्रवणारी. मी हाशहुश करत थांबलो की ती हिंदीत आणखी दहा मोजायला लागायची. दीड महिन्यात एका पायावर उभं राहून मी दात घासू लागलो, आणि त्याचं मला कुठल्याही मोठ्या ऑर्डरपेक्षा जास्त कौतुक वाटलं.

इकडे माझ्या उरलेल्या धड्यांना मुलीबरोबर बायको जायला लागली. नुसतं बघून येते म्हणाली होती. एका शुक्रवारी गुडघ्याला पट्टा बांधून मी काचेपाशी बसलो, तर मोठ्या उतारावरून निळ्या जाकिटातलं कुणीतरी झोकात वळणं घेत खाली आलं. हेल्मेट काढल्यावर कळलं, ही आमचीच. आधी मला चक्क हेवा वाटला, मग शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसाला मी सांगून टाकलं की ती माझी बायको आहे.

आठ महिन्यांनी डॉक्टरांनी जरा नाखुशीनंच परवानगी दिली, तीही फक्त शिकाऊ पट्ट्यापुरती. बायको शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "पडायला लागलात की सरळ पडा. सावरायला जाऊ नका."

त्या दिवशी मी चार वेळा पडलो. चौथ्यांदा तिलाही घेऊन. बर्फात बसल्या बसल्या आम्हाला इतकं हसू आलं की मुलगी ओळख नसल्यासारखं तोंड फिरवून पुढे निघून गेली.