लाल गाडी दाखवण्याचा कार्यक्रम

लग्नाआधी मला दाखवायला बसवलं, तेव्हा आईने बजावलं होतं, विचारल्याशिवाय चष्म्याचा नंबर सांगू नकोस. नवऱ्याने मात्र आमची गाडी विकायला काढली आणि जाहिरातीत तिचे दोष आधी लिहिले. डाव्या दाराखाली गंज, सीटला चीर, मागच्या बंपरला पोचा.

"अरे, गुणही सांग की!" मी चिडले.

"लिहिलेत ना. रंग मूळचा, कुठेही पुट्टी भरलेली नाही."

पन्नास वर्षांची अमेरिकन गाडी. दोनच दारं, लांबलचक बॉनेट, आणि सुरू केली की आयर्लंडमधल्या लिक्सलिपच्या आमच्या अख्ख्या गल्लीला कळायचं. मी तिला माझी सवत म्हणायचे. पण त्याच्या डोळ्यांचा आजार वाढला होता. कडेचं दिसेनासं झालं होतं. डॉक्टरांनी त्याचं गाडी चालवणं बंद केलं होतं, आणि पुढे आणखी कमी दिसेल असंही सांगितलं होतं. विकताना त्याची एकच अट होती, घेणाऱ्याने तिला रंगवून नवी करायची नाही.

ॲथलोनहून एक गृहस्थ शनिवारी बघायला येणार होते. मी कांदेपोहे केले; बघायला येणार म्हटल्यावर हात आपोआप तिकडेच जातात. नवरा अंघोळीला गेल्यावर आणखी एक उद्योग केला. गाडीच्या उजव्या दारावर एक ओरखडा होता, एका वर्षी गणपतीचं मखर आत कोंबताना माझ्याच हातून पडलेला. त्यावर माझं लाल नेलपॉलिश लावलं. रंग इतका जुळला की मीच माझ्यावर खूश झाले.

गृहस्थ आले. साठीचे, बोटांच्या रेषांत ग्रीस मुरलेले. नवऱ्याने त्यांना गाडी दाखवली ती डोळ्यांनी कमी आणि हातांनी जास्त. इथे गंज, इथे पोचा, सगळं चाचपून. उजव्या दारावर त्याची बोटं थबकली, मागे गेली, पुन्हा तिथेच आली.

"अगं, इथे काय लावलंयस?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाहुण्यांनाही कळावं म्हणून मी सगळं इंग्रजीतून कबूल केलं, नेलपॉलिश, मखर, सगळं. आता सौदा मोडणार, आणि तोही माझ्यामुळे. गृहस्थांनी वाकून दार पाहिलं आणि खो खो हसले.

"ग्रँड! हेही राहू दे. तिच्या आयुष्यात जे झालं, ते पुसणारा मी कोण?"

नवऱ्याने किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. मग त्यांनी पोहे दोनदा मागून घेतले.

ते निघताना मी चारही चाकांखाली लिंबं ठेवली. ती चिरडली, गाडी वळली, आणि तिचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला. सवत गेली आणि रडू आलं ते मलाच.

नवरा फाटकाशी उभा होता. मला वाटलं रस्त्याकडे बघतोय, पण तो मान वळवून माझ्याकडेच बघत होता.

"या महिन्यात केस रंगवू नकोस," तो म्हणाला.

"का रे?"

"अजून दिसतंय, तोवर तू आहेस तशी बघून घेतो."