खांद्याच्या वर

पक्षाघातानंतर हात किती परतला हे तपासायला आमच्याकडे साध्याच वस्तू असतात. स्टीलचा पेला, लाकडी ठोकळे, कंगवा. पेला तोंडाला लागतो का, कंगवा टाळूपर्यंत पोचतो का, ते पाहायचं. शेवगावच्या उपचार केंद्रात मी हेच काम करतो.

त्या रुग्णाचा उजवा हात ऊसतोडीच्या फडातच लुळा पडला होता. जीभही जड झाली होती, शिव्या मात्र स्वच्छ यायच्या. बायको कायम त्याच्या उजव्या अंगाला बसे. घरच्यांनी लुळ्या बाजूला बसावं, म्हणजे रुग्णाचं तिकडे लक्ष राहतं, हे सांगून आम्ही थकतो. हिनं न सांगता केलं, म्हणून मी चारचौघांत तिचं कौतुक केलं.

"लक्षाचं मला काय ठावं? ह्यो हात मेलाय, म्हनून हिकडं बसते."

तिच्या बोलण्याचा अर्थ त्याच आठवड्यात कळला. त्याची बाही वर सारायला ती क्षणभर त्याच्या समोर आली. पेला त्याच्या डाव्या हातात होता. त्याची कड तिच्या भुवईवर बसली. हाड वाजलेलं मला ऐकू आलं. ठोकळ्यांवर रक्त सांडलं. मी त्याचं मनगट धरलं.

"सोडा डॉक्टर. माझ्या बायकूला मारलं, तुमाला न्हाई."

मी कापूस दाबत होतो आणि ती हसत होती. "डाव्याला नेम न्हाई अजून. उजव्यानं कोयत्याच्या मुठीनं दात पाडलेत माझे."

बाहेर नेऊन मी म्हणालो, "ताई, पोलिसांत जा. नाहीतर भावाकडे तरी जा."

"आन् ह्याला घास कोन भरवंल? डाव्यानं खात न्हाई ह्यो. उपाशी मारल्याचं पाप नको मला. तुमी असं करा, हात तोंडाला लागंल एवढाच बरा करा. वर नको."

"हात असा मधे थांबवता येत नाही. आधी तोंडापर्यंत येईल, मग खांद्याच्या वर जाईल."

"मंग त्या मधल्या टायमात निघते."

थंडीत एकदा त्यानं उजव्या हातानं भाकरीचा तुकडा स्वतः तोंडात घातला. तिनं पिशवी भरली. पण आमच्या शिबिरात 'सेवाव्रती पत्नी' म्हणून तिचा सत्कार ठरला होता, आणि दीर तिथेच येणार होता. "त्याच्या ताब्यात दिऊन जाते," ती म्हणाली.

पाहुणे भरपूर उशिरा आले आणि इच्छाशक्तीवर त्याहून जास्त वेळ बोलले. मग फोटोवाल्याकडे पाहत रुग्णाला म्हणाले, "माउली, हात वर करा!"

उजवा हात उठला. छाती, तोंड, खांदा. खांद्याच्या वर मी तो कधी पाहिला नव्हता. अर्धी वळलेली मूठ त्याच्या डोक्यावर थरथरत थांबली. शेजारी ती दोन्ही हातांनी डोकं झाकून खाली बसली.

"वहिनींना आनंद आवरेना!" निवेदक म्हणाला. टाळ्या सुरू झाल्या.

"नाटकं करती व्हय, रांडं!" आणि मूठ तिच्या मानेवर आली. पुन्हा उठली, पुन्हा आली. मागच्या रांगांना काही दिसलं नसावं. ते टाळ्या वाजवत राहिले. मी आणि दिरानं त्याला मागे ओढलं.

ती उठली. खुर्चीखालची पिशवी काढून मंडपाच्या मागच्या बाजूनं रस्त्यावर गेली. माहेरच्या वाटेचा टेम्पो उभाच होता.

पाहुणे शाल पसरून उभे होते. "बाई कुठं गेल्या?" त्यांनी विचारलं. मी रस्त्याकडे बोट दाखवलं. त्यांनी थोडा विचार केला आणि शाल तिच्या नवऱ्याच्याच खांद्यावर घातली.