बारा वाजेपर्यंतचं माहेर

एकोणीस वर्षं चुनलियान फोशान शहरातल्या कारखान्यात टाइल्स खोक्यात भरत होती. तसल्या गुळगुळीत टाइल्सवर उभं राहून अंघोळ करायची पाळी मात्र लेकीच्या लग्नादिवशी आली, तीही काचेच्या भिंतीच्या न्हाणीघरात. "हे कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं गं? अंघोळ करायची की प्रदर्शन मांडायचं?" असं म्हणत तिच्या थोरल्या बहिणीने काचेवर चादर चिकटवून टाकली.

चाळीस मजली हॉटेलातली ही खोली चुनलियानने एका रात्रीपुरती हट्टाने घेतली होती. नवरदेव नवरीला न्यायला तिच्या आईच्या दारात येतो, आणि चुनलियानला स्वतःचं असं दारच नव्हतं. नवरा गेल्यावर गावचं घर दिराने बळकावलं. इथे कारखान्यातल्या पाच बायका मिळून एका भाड्याच्या खोलीत राहत. लोखंडी दुमजली पलंगांतला खालचा हिच्या वाट्याचा. नवरदेवाकडची माणसं शहरातलीच, चांगली खाऊनपिऊन सुखी. त्यांना तिने सांगून ठेवलं होतं, आमचं घर लांब डोंगरात, वऱ्हाडाला कशाला उगाच दगदग. खोटंच ते. पण पोरीला सासरी कुणी टोचून बोलू नये म्हणून आई एवढं खोटं बोलली, तर मी काही तिला नावं ठेवणार नाही.

तिचा जीव टांगणीला लागला होता तो तिसऱ्या दिवसापायी. तिसऱ्या दिवशी नवी नवरी नवऱ्याला घेऊन माहेरी जेवायला येते. आणि ही खोली तर आज दुपारी बाराला रिकामी करायची होती.

"ताई, आणखी दोन दिवस ठेवू का खोली?"

"ठेव की. मग नव्या वर्षाला काय करशील? दर सणाला हॉटेलातच माहेर मांडणारेस?"

ताईचं तोंड हे असं. पिशवीत लपवून आणलेला भाताचा कुकर काढून चुनलियान जावयासाठी गुळाच्या पाण्यात अंडी शिजवायला बसली. छतावरचं धुराचं यंत्र कोकलू नये म्हणून ताई पलंगावर उभी राहून टॉवेलने वाफ हाकत होती.

वऱ्हाड आलं. मैत्रिणींनी दार अडवलं, पैशांची लाल पाकिटं उकळली, नवरीचा जोडा लपवला. जावई बोवेन घामाघूम होऊन एकदाचा आत आला आणि मुकाट्याने अंडी खाऊ लागला. त्याची मावशी खिडकीतून खाली बघत म्हणाली, "विहीणबाई, माहेर भलतंच उंचावर बांधलंत. मग परवा जेवायला इथेच का पोरांनी यायचं?"

चुनलियानने हातातला डाव कुकरात ठेवला. रात्रभर जुळवून ठेवलेलं उत्तर ती द्यायला गेली.

"इथे नाही, मावशी," शाओतोंग म्हणाली. लाल पोशाखातली तिची लेक, आवाज अगदी शांत. "आईच्या खोलीवर. पाच जणी राहतात तिथे. मी त्यांच्याच हाताखाली वाढलेय."

चुनलियानने मान वर केली नाही. लाजेने तिचे कान तापले होते.

"मी गेल्याच महिन्यात जाऊन आलोय," बोवेन अंडं चावत म्हणाला. "आई रात्रपाळीला होत्या. खालच्या पलंगावर बसताना डोकं सांभाळायला लागतं, एवढंच."

मावशीने एकदा बोवेनकडे पाहिलं, एकदा चुनलियानकडे. मग वाटी पुढे केली. "मलाही वाढा एक अंडं. जागा असली तर परवा मीही येते. पाच जणींचा स्वयंपाक म्हणजे चंगळच की."

नवरी निघाली. लिफ्टचं दार लागलं तशी ताईने पाण्याचा वाडगा चुनलियानच्या हातात दिला. त्यांच्या गावची रीतच होती. नवरी गेली की आईने तिच्यामागे उंबऱ्याबाहेर पाणी फेकायचं. दिलेली लेक मग परकी.

"फेक ना. गालिच्याचं नुकसान होईल म्हणून बघतेस?"

"नाही फेकत," असं म्हणून चुनलियानने ते पाणी दारातच उभं राहून घटाघटा पिऊन टाकलं.

मग खुर्चीवर चढून तिने दारावर लग्नासाठी लावलेला शुभचिन्हाचा लाल कागद नखाने हलके हलके सोडवला, कुठे फाटू दिला नाही.

"आता कशाला तो?" ताईने विचारलं.

"आपल्या खोलीच्या दाराला. परवा पोरं येणार आहेत."