तुटलेला रॉड आणि अर्धं लिंबू

तुटलेला रॉड माझ्या हातात होता आणि कापसाच्या जिनिंगच्या आवारातली सगळी माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. त्या वयात माझ्याकडे कुणी असं बघितलं की मला भान राहत नसे. मी खिशातून भिंग काढलं. भिंगाची तशी गरज नव्हती. पण ते काढलं की लोक आपोआप एक पाऊल मागे सरकतात, हे मला एव्हाना कळलं होतं.

"काय म्हनतोय रॉड?" नारायणशेठनं विचारलं. गाडी त्यांची, जिनिंग त्यांचं, मी बसलो होतो ती खुर्चीही त्यांचीच.

"सांगतो," मी म्हणालो, आणि मुद्दाम थोडा वेळ घेतला.

मी मोटार विमा कंपनीचा सर्व्हेअर. सेलूच्या स्टेशनवर उतरल्यावर टांगेवाल्यानं मला जमीन मोजणारा समजून जिनिंग येईपर्यंत आपल्या भावकीतल्या बांधाची हकिकत ऐकवली होती. आमचं काम वेगळं. गाडी आदळली की मालक दुरुस्तीचं बिल पाठवतो. त्यातलं काय आदळून मोडलं आणि काय आधीच झिजून मरायला टेकलं होतं, हे वेगळं काढायचं. आदळल्याचं कंपनी देते, झिजेचं देत नाही. ऐकायला सोपं आहे. आदल्याच महिन्यात मी एक झिजलेली क्लचप्लेट अपघातात गेली म्हणून मंजूर केली होती. हैदराबादच्या ब्रँच मॅनेजरनी मला बोलावून विचारलं, "ती प्लेट गाडीच्या पोटात असते. तिला बैलगाडी नेमकी कुठून धडकली?" त्यानंतर मला ऑफिसात क्लचप्लेट म्हणत.

सेलूचं प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. शेठचा ड्रायव्हर लतीफ त्यांना आणायला एकटाच परभणीकडे निघाला होता. पेडगावच्या अलीकडे गाडी रस्ता सोडून मेंढरांच्या कळपात घुसली आणि मोरीच्या कठड्यावर आदळली. कळपामागे चालणारा बिरू नावाचा मेंढपाळ मधे सापडला. मांडीचं हाड मोडून तो परभणीच्या दवाखान्यात पडला होता.

लतीफ म्हणत होता, "साब, आधी स्टिअरिंग गेलं, मग गाडी गेली." शेठ म्हणत होते, "जोरात हानली, दुसरं काय?"

दोघांचं नशीब एकाच रॉडवर, आणि उलट्या बाजूंनी. पुढच्या दोन चाकांना जोडणारा हा रॉड, त्याला टाय रॉड म्हणतात. तो आधीच चिरलेला असून वाटेत तुटला असेल, तर लतीफचा दोष नाही. पण मग शेठनं झिजलेली गाडी रस्त्यावर आणली आणि त्यांचा क्लेम बुडाला. तो कठड्यावर आदळून तुटला असेल, तर शेठचा क्लेम पास आणि लतीफवर बेफाम गाडी हाकल्याचा गुन्हा.

जमादार बाजूच्या बाजेवर बसले होते. त्यांनी मला आल्याआल्याच सांगितलं होतं, "मोटार इन्स्पेक्टर यायला लय उशीर हाय. तुमी इंजिनेर. तुमी सांगा, मी लिवतो. गुन्हा असंल तर आज सांजच्या गाडीनं ह्याला परभनीला न्यायचा हाय."

म्हणजे लतीफचा तुरुंग माझ्या जिभेवर होता. मी ती जपून वापरायला हवी होती.

लोखंड तुटलं की त्याचं तोंड बघायचं, असं आम्हाला शिकवलं होतं. ताजं तुटलेलं तोंड फोडलेल्या खडीसाखरेसारखं चमकतं. जुनी चीर असेल तर तिच्यात ओल शिरून तेवढा भाग तांबूस गंजतो, आणि शेवटी तुटलेला उरलेला भाग तेवढा चकचकीत राहतो. आणखी एक शिकवलं होतं, की हे तोंड कधी घासायचं नाही, पुरावा जातो. माझ्या हातातल्या रॉडचं तोंड अर्धं विटकरी-लाल आणि अर्धं चमकदार होतं. पुस्तकातली आकृतीच जणू कुणी काढून हातात ठेवली होती. मी बोट फिरवलं. बोट लाल झालं.

"जुनी चीर आहे," मी जाहीर केलं. "हा रॉड आधीपासून मोडत आला होता. ड्रायव्हरची चूक नाही."

लतीफनं माझा हात घेऊन डोळ्यांना लावला. जमादारांनी डोक्यावर चढवलेली टोपी काढून मांडीवर ठेवली. शेठच्या घरून दुसरा चहा यायचा होता, तो आला नाही.

गाडीखाली शिरून बाकीचं बघायचं राहिलं होतं. पण माझी पँट पांढरी होती, नवी होती, आणि निकाल तर लागला होता. रेडिएटरवर झेंडूचा सुकलेला हार होता, तो बाजूला सारून मी गाडीचा नंबर लिहून घेतला आणि स्टेशनजवळच्या खाणावळीत जेवायला गेलो.

भाकरी, वरण, मिरचीचा ठेचा, लिंबाची फोड. हात मी रुमालाला पुसले होते. धुतले नव्हते. या सवयीवरून घरात अजून बोलणी खातो. वरणावर लिंबू पिळलं आणि पाहिलं तर बोटाचं लाल टोक पिवळं झालं होतं.

मला वाटलं, वरण लागलं. पुसलं. पिवळंच. रुमालावरच्या लाल डागावर लिंबू पिळलं. तोही पिवळा झाला.

घास तसाच राहिला. गंज लिंबानं पिवळा होत नाही. कुंकू होतं. आमची आई घरी कुंकू करायची. हळदीला चुन्याची निवळी दिली की ती लाल होते आणि आंबट लागलं की परत हळदीवर येते, हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. मग झेंडूचा हार आठवला. दसरा नुकताच झाला होता. खंडेनवमीला जिनिंगच्या मुनिमानं मशिनी, तराजू, पाने, हातोडे, सगळ्या लोखंडाला कुंकू लावलं असणार. मोडकी मोटार आणि तिच्यावर ठेवलेला रॉड त्यानं कशाला वगळावा? वर धूळ आणि ग्रीस बसून कुंकू विटकरी झालं, आणि मी भिंग लावून त्याचं वय ठरवलं.

कुंकवाखाली काय आहे हे मला माहीत नव्हतं. सगळं तोंड ताजं निघालं तर? गप्प बसावं, असं मनात आलं, खोटं कशाला सांगू. पण तो रॉड पुढे हैदराबादला जायचा होता, आणि मॅनेजर क्लचप्लेट विसरले नव्हते. शिवाय बिरूच्या मोडलेल्या मांडीचा दोष कुणाचा, हे माझ्या शब्दावर ठरणार होतं. तेवढ्यात खाणावळीच्या दारात लतीफ आला. हातात कागदाची पुडी.

"साब, घरी बत्तासे वाटले. घ्या की. आमची बिवी म्हनती, साबाच्या नजरंत अल्लानं दिवा लावलाय."

मी पिवळ्या बोटांनी बत्तासा घेतला. तो ताटाच्या कडेला ठेवला.

"मला जिनिंगला परत जायचंय," मी म्हणालो.

"काय इसरलं?"

"थोडं बघायचं राहिलंय."

"बघा की! धा बार बघा. बॅग द्या इकडं."

तो माझी बॅग घेऊन पुढे चालला. वाटेत भेटेल त्याला सांगत होता, "हेच ते साब." मी मान खाली घालून मागून चालत होतो. स्टेशनपासून जिनिंग जवळच आहे; त्या दिवशी ते फारच जवळ होतं.

"एक लिंबू मिळेल का?" मी शेठना विचारलं.

"सरबत पायजे काय?"

"नाही. रॉडला."

शेठनं मुनिमाकडे बघितलं, मुनिमानं जमादारांकडे. लिंबू आलं. मी अर्धं कापून रॉडच्या तोंडावर पिळलं. लाल होतं ते सगळ्यांच्या देखत पिवळं झालं. कापसाला त्या आवारात तोटा नव्हता. एक बोळा रॉकेलमध्ये भिजवून मी तोंड पुसून काढलं. खाली या टोकापासून त्या टोकापर्यंत खडीसाखर चमकत होती. चीर नव्हती, गंज नव्हता.

"माझी चूक झाली," मी म्हणालो. "हा ताजा तुटलाय. कठड्यावर आदळून."

"झालं मग!" शेठ मांडीवर थाप मारून उठले. "अरे, चहा आना साहेबाला!"

जमादारांनी टोपी परत डोक्यावर ठेवली. "सकाळी गंज, दुपारी ताजा," ते म्हणाले. "सांजपर्यंत काय व्हायचंय साहेब? म्हंजे मी तवाच लिवतो." मग लतीफकडे वळून, "चल रं."

लतीफनं माझी बॅग हळूच खाली ठेवली. त्याच्या दुसऱ्या हातात बत्ताशांची पुडी तशीच होती. "साब," तो म्हणाला, "मी खोटं न्हाई बोललो. स्टिअरिंग हातात फिरकीवानी फिरायलं होतं. ना डावं, ना उजवं."

"कसं? परत सांगा."

"मोकळं, साब. कायबी लागंना."

असंच काहीसं त्यानं सकाळीही सांगितलं होतं. तेव्हा मी भिंग पुसत होतो. टाय रॉड तुटला तरी स्टिअरिंगला एक चाक जोडलेलं राहतं. ते जड लागेल, ओढेल, पण फिरकीसारखं फिरणार नाही. साफ मोकळं फिरायचं, तर जोड टाय रॉडच्याही अलीकडे सुटायला हवा. स्टिअरिंगच्या पेटीपासून चाकाकडे जाणारा दुसरा एक आखूड रॉड असतो, त्याच्या टोकाला.

"जमादारसाहेब, चहा होईपर्यंत थांबा," मी म्हणालो आणि पांढऱ्या पँटसह गाडीखाली शिरलो.

आखूड रॉडचं टोक लोंबत होतं. तिथला नट गायब. मी हात लावायच्या आधी या खेपेला पुसून घेतलं. बोल्टावरचे आटे शाबूत होते, एकही दबलेला नव्हता. आदळून जोड निखळला असता तर आट्यांची चटणी झाली असती. धडक लोखंड मोडते, वाकवते. ती सावकाश बसून नट उलटा फिरवत नाही. तो हादऱ्यांनी, दिवसेंदिवस सुटत येतो. सुटू नये म्हणून बोल्टाच्या आरपार एक छोटी खीळ असते, कॉटर पिन. तिच्या भोकात खीळ नव्हती. झिजून तुटलेल्या तारेचा तुकडा होता.

तो तुकडा घेऊन मी बाहेर आलो. समोर कापसाच्या गाठी रचल्या होत्या, आणि गाठी आवळायची तीच तार भिंतीशी वेटोळी पडली होती.

"ही कुणी घातली?"

लतीफ खाली बघायला लागला. "मीच, साब. पिन पडली व्हती. शेठला दोनदा सांगितलं. शेठ म्हनले, सध्या तार घाल, चालव."

"म्हंजे काय!" शेठ उसळले. "सेलूत मिळती का ती पिन? हैदराबादहून मागवायची, ती कवा येनार? तंवर गाडी काय कोंडून ठिवू? तार लोखंडाचीच हाय ना?"

आपण काय बोललो हे शेठच्याही लक्षात आलं असावं. जमादारांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि लिहायला सुरुवात केली. चहा आला होता. तो शेठनं एकट्यानंच घेतला.

लतीफवरचा बेफाम गाडी हाकल्याचा गुन्हा टिकला नाही. तारेवर चाललेल्या गाडीचा क्लेम कंपनीनं नाकारला. बिरूची भरपाई पॉलिसीच्या वेगळ्या कलमात येत होती, ती मिळाली. तो काठी टेकत का होईना, पुन्हा मेंढरांमागे चालू लागला. शेठनं लतीफला कामावरून काढलं आणि तो परभणीला एका मालट्रकवर लागला. मॅनेजरनी माझा रिपोर्ट पास केला. खर्चात मी एक लिंबू लावलं होतं, ते खोडून त्यांनी शेजारी लिहिलं, 'हात धुतले असते तर हे लागलं नसतं.' तेव्हापासून मला ऑफिसात लिंबू म्हणू लागले. क्लचप्लेटपेक्षा बरं.

पण त्यांचं म्हणणं चूक होतं. हात धुतले असते तर ते कुंकू मला कधीच कळलं नसतं, आणि चुकीच्या रॉडवर बरोबर निकाल देऊन मी निवांत घरी गेलो असतो. त्यातून मी एवढंच शिकलो, की गाडीला हार दिसला तर आधी लोखंड पुसायचं आणि कामाला जाताना पांढरी पँट घालायची नाही.

पुढे परभणीला गेलो की मोंढ्याच्या बाजारात लतीफ भेटायचा. मी एखाद्या गाडीबद्दल छाती पुढे काढून काही सांगू लागलो, की तो शांतपणे ऐकून घ्यायचा आणि मग हॉटेलवाल्याला हाक मारायचा, "अरे, साबासाठी अर्धं लिंबू आन."